धोंड्याच्या वाणातली वायर

आमच्या घरात जावई चुकत नाही. हातोडी चुकते, खिळा वाकडा निघतो, भिंतच पोकळ असते. जावई मात्र बरोबर असतो. ताईचं लग्न झालं त्या दिवसापासून हा कायदा आमच्याकडे लागू आहे आणि बाबा तो इतका कडक पाळतात की त्यापुढे विजेचे कायदेसुद्धा नरम पडले. मी जालन्यात एका वर्कशॉपमध्ये विजेची पॅनेलं जोडायचं काम करते आणि मला राग फार लवकर येतो. या दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

घर दुसरबीडचं. रस्त्याला लागून आमचं पत्र्याचं शेड आणि मागे, वावराच्या अंगाला, चांगलं लांब राहतं घर. मीटर घरात आणि मेन बोर्ड बाबांच्या पलंगाच्या डोक्याशी. बाबा उठताबसता देवाला हात जोडावा तसा त्या बोर्डाला हात लावतात. फरक इतकाच, की देवाला हात जोडल्यावर घरातले पंखे बंद पडत नाहीत. कोण कुठल्या खोलीत आहे, कोणाचं काय चाललंय, याचा त्यांच्या बिल वाचवण्याशी काही संबंध नसतो.

म्हणून आईनं शेडात मिरची कांडपाचं यंत्र टाकायचं ठरवलं तेव्हा तिची अट एकच होती.

"मले माह्यं बटन पाह्यजे," ती म्हणाली. "शेडात बोर्ड वेगळा, मेन वेगळं. तुह्या बाबाच्या उशाशी बसून माह्यं दुकान चालणार नाही."

आमच्या धंद्यात याला सब-पॅनेल म्हणतात. घराच्या मीटरपाशी त्याच्यासाठी वेगळी एमसीबी टाकायची, तिथून जाड वायर निघते, ती लांब जाते आणि जिथे पोचते तिथे छोटा बोर्ड बसतो. आई त्याला 'माह्यं बटन' म्हणते आणि मला तेच नाव जास्त बरोबर वाटतं. या घरात येऊन तिला वावर मिळालं, म्हशी मिळाल्या, सगळ्यांचा स्वयंपाक तर न मागता मिळाला. पण हे माझं, याला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, असं म्हणावं अशी वस्तू तिला कधी मिळाली नव्हती. कांडप ही पहिली. आणि मिरचीचा हंगाम काही कोणासाठी थांबत नाही. हवेत ओल आली की मिरची सादळते, तोवर बाया वर्षाचं तिखट दळून मोकळ्या झालेल्या असतात. पहिल्याच हंगामात गिऱ्हाईक दुसऱ्या कांडपावर गेलं, तर ते पुढच्या वर्षीही तिकडेच जातं. आईला हे पक्कं ठाऊक होतं.

वायर ओढायला मीच येणार होते, पण सुट्टी मिळाली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली आणि तिच्याबरोबर भाऊजी आले.

भाऊजी मोताळ्याकडचे, रोहिणखेडजवळच्या एका गावचे. शेती आहे, खताचं दुकान आहे आणि पँटच्या मागच्या खिशात कायम पक्कड आहे. माणूस सोन्यासारखा. कोणाच्याही घरी गेले तरी काहीतरी मोडलेलं शोधतात आणि ते नीट करेपर्यंत चहाला हात लावत नाहीत. त्यांनी स्वतःचं घर बांधलं तेव्हा अडीच एमएमच्या वायरीची बंडलं उरली होती. ती त्यांनी गाडीत टाकून आणली.

"मामी, वायर विकत घ्याचं काम नाही," ते आईला म्हणाले. "आपल्या घरचीच हाय."

जावयानं आणलेली वस्तू. तिला नको म्हणायची आमच्या घरात कोणाची छाती नाही. बाबांनी त्या बंडलांना नमस्कार केला नाही एवढंच. भाऊजींनी दिवसभर शिडीवर चढउतार करून घरापासून शेडापर्यंत वायर नेली, बोर्ड बसवला, आईच्या हातानं बटन दाबायला लावलं. बल्ब लागला, पंखा फिरला, पेढे वाटले. जेवून, आहेर घेऊन लक्ष्मीनारायणाचा जोडा आपल्या गावी गेला.

दुसऱ्या दिवशी आईनं कांडप सुरू केलं आणि मोटर नुसती 'उंऽऽ' करून बसली.

आता इथे मला थोडं मास्तरीण व्हावं लागणार. अडीचची वायर वाईट नसते. घरात एका प्लगावर इस्त्री चालवायची असेल, तर तिच्याइतकी गुणी वायर नाही. पण वायर केवढी जाड हवी हे दोन गोष्टींवर ठरतं: तिच्यातून किती करंट जाणार आणि तिला किती लांब जायचंय. विहीर या टोकाला आणि वावर त्या टोकाला असेल, तर कोणी अर्ध्या इंची नळीनं ओलित करत नाही. वाटेतच दम जातो. तसाच विजेचाही जातो. त्यात मोटर सुरू होताना चालण्यापेक्षा कितीतरी पट करंट ओढते. कांडपाची मोटर, पुढेमागे पिठाची चक्की टाकायचं आईच्या मनात, आणि एवढं लांब अंतर; तिथे दहा एमएमची तांब्याची वायर हवी होती. सहाच्या खाली तर मी विचारही केला नसता.

हे सगळं मी फोनवर सांगितलं असतं, जर मला कोणी काही सांगितलं असतं तर. मला सगळे म्हणाले, "मस्त चालून राह्यलं."

मस्त कसं चालत होतं ते मी पंधरवड्यानं घरी गेले तेव्हा पाहिलं. शेडाबाहेर मिरचीच्या पिशव्या घेऊन बाया बसलेल्या. आईनं शेडाच्या दारातून घराकडे तोंड करून हाक मारली, "बंद करा वोऽऽ!" त्याबरोबर बाबांनी घरातले पंखे, फ्रिज, टीव्ही असं सगळं बंद केलं, म्हणजे उरलीसुरली वीज शेडाला जावी. मग आईनं पदर खोचला, मोटरच्या पट्ट्याला हातानं झटका दिला आणि तेवढ्यात दुसऱ्या हातानं बटन दाबलं. मोटर कण्हली, कुंथली आणि फिरायला लागली. बायांनी सुटकेचा श्वास सोडला. आई माझ्याकडे बघून हसली.

मी मात्र पट्ट्याकडेच बघत होते. फिरायला लागलेल्या पट्ट्यात बोट जायला, पदर जायला कितीसा वेळ लागतो? मी आमच्या वर्कशॉपात एकाचा हात पाहिलेला आहे. मी भिंतीवरच्या वायरीला हात लावला. चांगली गरम होती. बोर्ड उघडला तर आतून जळकट वास आला. आणि घराच्या टोकाला मेनपाशी जाऊन पाहिलं तर शेडाच्या लाइनीवर, जिथे सोळा अँपिअरची एमसीबी असायला हवी, तिथे त्रेसष्टची बसलेली.

"ही कोणी बसवली?" मी विचारलं.

"मीच बसवून घेतली," बाबा अभिमानानं म्हणाले. "पहिली पडे. बटन दाबलं का टक, बटन दाबलं का टक. चार बायांसमोर जवाईबापूच्या वायरीवर एमसीबी पडते, हे बरं दिसते का? आता पडत नाही."

मी कपाळाला हात लावला. एमसीबी ही वायरीची राखण करायला असते. वायर तापायला लागली की ती पडते, म्हणजे 'बाबा रे, पुरे' असं सांगते. तिच्या जागी जास्त दमाची बसवली, तर पुढच्या वेळी वायर स्वतःच सांगते आणि ती पेटून सांगते. कारखान्यात आम्ही आधी लोड बघतो, मग अंतर, मग वायर ठरते आणि वायरीच्या मापाची एमसीबी. आमच्या घरी आधी जावयाची अब्रू बघतात आणि मग तिला पेलेल अशी एमसीबी आणतात.

"बाबा, वायर बदलावी लागंल," मी म्हणाले. "बारीक आहे."

"हळू बोल," बाबा म्हणाले, जणू भाऊजी माळ्यावर लपलेत. "जवायानं सोताच्या हातानं लावलेली वायर काढाची? उद्या त्यायले समजलं तर काय तोंड दाखवू? तुह्या नवऱ्याची वायर बी कोणी काढणार नाही, काळजी नोको करू."

माझ्या नवऱ्याचा अजून पत्ता नाही, पण त्याची वायर आजपासूनच सुरक्षित झाली. मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "त्यांना काही बोलू नकोस हं. मनाला लावून घेतील." आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तापते तर तापू दे. मोटर फिरते ना?"

इतकं सगळं गोड बोलून झाल्यावर माझा तोल गेला. मी मेन बंद केलं, त्रेसष्टची एमसीबी काढून माझ्या पर्समध्ये टाकली, तिथे मुकाट्यानं सोळाची बसवली आणि जालन्याची बस पकडली.

मोटर अर्थातच बंद पडली. त्यानंतर आईचा जो फोन आला तो मी कानापासून हातभर लांब धरून ऐकला आणि तरी नीट ऐकू आला.

"तुह्या त्या कायद्यानं माह्यं दुकान बसवलं!" आई म्हणाली. "बाया मिरच्या उचलून चालल्या. इतक्या सालात एक गोष्ट माही होती, तेबी तूच बंद केली. काऊन वं? बापाच्या हातातलं बटन तुह्या हातात गेलं, एवढंच झालं ना?"

हे मात्र लागलं. तिच्या जिवासाठी केलं होतं, पण तिला न विचारता केलं होतं आणि आमच्या घरात तिला न विचारता तिचं भलं करणाऱ्यांची काही कमी नव्हती. मला उपाय हवा होता, तोही असा की वायर बदलेल आणि जावई चुकणार नाही.

यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला, त्यानं मला वाट दाखवली. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं. वाणात अनारसे, दिवा आणि जमलं तर चांदीचं नाहीतर तांब्याचं काहीतरी. तांब्याचं! मी त्याच क्षणी बाबांना फोन लावला.

"बाबा, यंदा भाऊजींना ताम्हण नको. दहाची तांब्याची वायर द्या."

बाबांनी आधी खात्री करून घेतली. "तांबं अस्सल हाय ना?"

"घरातल्या सगळ्या ताम्हणांपेक्षा अस्सल."

"मंग चालते," बाबा म्हणाले. "पण धोंड्यात नवं काम करत नाही."

"काम कुठे करतोय? दान करतोय."

माझा हिशेब असा होता. भाऊजींच्या हातात पक्कड असते. वायरीची बंडलं दिसली की त्यांचे हात शिवशिवणार. ते म्हणणार, अरे वा, ही तर शेडाला लावू. लावणार तेच, म्हणजे मोठेपणाही त्यांचाच. आई मला माफ करणार, बाबांची अब्रू शाबूत, आणि मी नामानिराळी. जालन्याच्या बाजारातून मी स्वतः बंडलं निवडून आणली, लाल, काळी आणि अर्थिंगची हिरवी. बसमध्ये मांडीवर घेऊन आले. मांडी बधिर झाली, पण मन प्रसन्न होतं.

धोंड्याचं जेवण झकास झालं. जोड्याला पाटावर बसवलं. परातीत वायरीची बंडलं, त्यांना हळदकुंकू, वर अनारसे, मध्ये तुपाचा दिवा. ताईनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. भाऊजींनी बंडल उचलून तळहातावर तोललं, तार दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मी मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर थाप मारली.

"दहाची!" ते म्हणाले. "मामा, काय वस्तू देल्ली! आमच्या घरापासून गोठ्यापर्यंत हेच पाह्यजे होतं मले!"

आणि ते उठले, बंडलं उचलून बाहेर नेली आणि गाडीच्या डिकीत ठेवली.

आम्ही सगळे ओट्यावर उभे राहून बघत राहिलो. धोंड्याचं दान, तेही जावयाला दिलेलं. ते परत मागण्यापेक्षा माणूस घर परत मागेल. भाऊजींनी डिकीचं झाकण उघडंच ठेवलं, आमच्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "नेऊ ना मंग?"

"न्या न्या!" बाबा म्हणाले. "तुमचंच हाय!"

"अजून काही राह्यलं असन तर तेबी न्या," आई म्हणाली. तिचा आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा होता.

मी तिला ओढत चुलीपाशी नेलं. "आई, वायर चालली!"

"मले डोळे हायत."

"मग बोल ना काहीतरी!"

"काय बोलू? वाण परत द्या म्हणू?" आईनं पदरानं तोंड पुसलं. तिची नजर डब्यांवर गेली. मग तिच्या तोंडावर एक भाव आला, जो मी लहानपणी फक्त दूधवाल्याशी भांडण्याआधी पाहिलेला होता. ती बाहेर गेली.

"जवाईबापू, थांबा," ती गोड आवाजात म्हणाली. "तुमचं सालाचं तिखट राह्यलं. लेकीले माहेरून तिखट नेल्याबिगर मी कधी जाऊ देल्लं नाही. अन् यंदा तर घरचं कांडप हाय. दळते अन् देते. तवर बसा."

भाऊजी बसले नाहीत. मदतीला शेडात आले. आईनं घराकडे हाक मारली, बाबांनी पंखे बंद केले. आईनं पट्ट्याला झटका दिला आणि बटन दाबलं. 'उंऽऽ', आणि टक. माझी सोळाची एमसीबी इमानदारीनं पडली. मी घराकडे धावत जाऊन ती चढवून आले. पुन्हा 'उंऽऽ', पुन्हा टक. तीच गत आणखी काही वेळा.

"आज लाइनच कमी हाय," बाबा म्हणाले.

"मोटर नवीन हाय, लाजते," आई म्हणाली.

भाऊजींनी वायरीवर हात ठेवला, मग ते मोटरकडे, मग वर आढ्याला गेलेल्या वायरीकडे बघत राहिले.

"मामा, वायर बारीक हाय," ते म्हणाले.

"नाही नाही!" बाबा जवळजवळ ओरडले. "बारीक कशी असन? तुम्ही लावलेली हाय!"

"मीच लावली म्हणून तं सांगून राह्यलो. अडीचची हाय. बारीक पडते."

"काही बारीक नाही," आई म्हणाली. "चांगली ठसठशीत हाय."

"मामी, गरम होऊन राह्यली."

"उनानं," बाबा म्हणाले. "पत्र्याचं शेड हाय."

मी आयुष्यात खूप भांडणं पाहिली, पण माणूस स्वतःची चूक पटवून देतोय आणि समोरचे सगळे ती हाणून पाडतायत, असं भांडण एकच पाहिलं. भाऊजींचा आवाज चढला. बाबांचाही चढला. भाऊजी म्हणाले, माझं चुकलं. बाबा म्हणाले, चुकूच शकत नाही. शेवटी भाऊजी माझ्याकडे वळले. "इंजिनेर बाई, तुम्ही तरी सांगा!"

"तिले काय समजते त्यातलं," बाबा म्हणाले. "जा वं, जवाईबापूले पाणी आण."

मी पाणी आणायला गेले. परत आले तर भाऊजी डिकीतून बंडलं काढत होते आणि बाबा त्यांच्या भोवती फेऱ्या मारत होते. "आहो, वाण हाय ते! आम्ही परत कसं घ्याव? पाप लागन!"

"परत कोण देऊन राह्यलं?" भाऊजी म्हणाले. "वायर माहीच हाय. फक्त राह्यन इथं."

हा कायदा ऐकून बाबांच्या फेऱ्या थांबल्या.

मी मेन बंद केलं आणि कोणी धर्मसंकट सोडवायला ते चालू करू नये म्हणून बाबांना पलंगावर न बसता ओट्यावर बसायला लावलं. अडीचची वायर उतरवली. जोडाजवळ तिचं कातडं पार करपलेलं होतं. भाऊजींनी तेवढा तुकडा पकडीनं तोडला, पाहिला आणि खिशात टाकला. मग ते शिडीवर आणि मी खाली, वायर वर देत. घर मागे पडलं, शेड अजून आलं नव्हतं. तेव्हा ते वरूनच म्हणाले,

"मले आखाजीलेच शंका आलती. घरी गेलो अन् हिशोब केला, तं झोप नाही आली. मामाले फोन केला. म्हणलं, वायर गरम होते का? म्हणे, एकदम थंडगार. म्हणलं, मोटर? म्हणे, बंदुकीच्या गोळीवाणी. म्हणलं, एमसीबी? म्हणे, नावच नाही पडाचं. दर आठ दिवसाले इचारत होतो. तुह्या ताईले इचारलं तं तेबी म्हणे, सगळं चांगलं हाय."

मी वायरीचा पुढचा वेढा वर दिला.

"आज परातीत वायर पाह्यली तवाच समजलं. म्हणलं, पाहू कोणी बोलते का. डिकीत टाकली. कोणी बोललं नाही! मामी तं म्हणे, अजून काही असन तं न्या." ते हसले, पण हसणं मध्येच संपलं. "मामीचा हात त्या पट्ट्यात गेला असता तरी मले कोणी सांगतलं नसतं. म्हणले असते, हातच आडवा आला. माह्या घरी माह्या मायनं दिवसातून धा खेपा मले गाढव म्हणलं नाही, तं तिले जेवण जात नाही. इथं लग्न झाल्यापासून मले कोणी 'नाही' असं म्हणलं नाही. पाव्हण्यालेच 'नाही' म्हणत नसतात. मी इतक्या सालाचा पाव्हणाच हाव ना इथं?"

मला आमच्या घराची लाज वाटली आणि त्यांची माया आली. मी वर पाहिलं तर ते पाठ करून वायर बांधत होते. मग मी मागे वळले, तर मिरचीचं टोपलं कमरेवर घेऊन आई उभी. ती कधी आली, किती ऐकलं, मला माहीत नाही. टोपलं हळूच खाली ठेवून ती वर बघायला लागली. भाऊजींनी वायर वाटेवरून आडवी नेली होती आणि ती मध्ये थोडी लोंबत होती.

"अरे ए!" आई एवढ्या जोरात ओरडली की रस्त्यावरच्या बाया थांबल्या. "तिथून काय लोंबवून राह्यला? कडब्याची गाडी जाते ना या वाटेनं! अडकन ना तिच्यात! डोळे हायत का बटनं? काढ ते, अन् लिंबाच्या अंगानं घे!"

ओट्यावरून बाबा उठून उभे राहिले. ताई दारात आली आणि तिनं दाराची चौकट धरली. जावयाला अरे-तुरे, तेही धोंड्याच्या महिन्यात, वाण दिलेल्या दिवशी. आमच्या घरावर आता वीज पडणार, असाच सगळ्यांचा चेहरा होता आणि मेन तर मी बंद केलेलं होतं.

भाऊजी शिडीवर तसेच उभे राहिले. त्यांनी लोंबणाऱ्या वायरीकडे पाहिलं, मग आईकडे.

"लिंबाच्या अंगानं अंतर वाढते," ते म्हणाले.

"वाढू दे! दहाची हाय ना? मंग काय भेव हाय तुले?"

"हाव," भाऊजी म्हणाले. "काढतो." आणि बांधलेली वायर सोडताना ते असे हसत होते की मी त्यांना लग्नातल्या फोटोतही तसं हसताना पाहिलेलं नाही.

कडुलिंबाच्या अंगानं, भिंतीच्या कडेनं वायर शेडात पोचली. मी दोन्ही टोकं बोर्डात घट्ट कसली, अर्थिंग लावलं, शेडाच्या लाइनीला नव्या वायरीच्या आणि मोटरच्या मापाची एमसीबी बसवली. बाबांना आता पंखे बंद करायची गरज नाही म्हटल्यावर ते जरा हिरमुसले. आईनं हात धुतले, बटन दाबलं. पट्ट्याला झटका नाही, कुंथणं नाही. मोटर सरळ फिरायला लागली. आईनं बटनावरचा हात काढून टोपलं उचललं. मग तिनं मिरची ओतली आणि सगळं शेड शिंकायला लागलं.

"तोंडाले रुमाल बांध म्हणलं होतं ना!" ती भाऊजींवर खेकसली. म्हटलं नव्हतं, पण त्यांनी मुकाट्यानं बांधला.

उन्हं उतरता उतरता तिखटाचे डबे गाडीत गेले. ताईला कुंकू लावलं. बाबांनी रीतीप्रमाणे वाकून जावयाला राम राम केला. आई मात्र गाडीच्या खिडकीशी गेली आणि शेडाच्या छताकडे बोट करून म्हणाली, "तो पत्रा एका कोपऱ्यात उचकटला. उद्या ये अन् ठोकून दे."

आमच्या घरात जावयाला कोणी काम सांगितलेलं नव्हतं. ते होऊन करायचे ते वेगळं.

भाऊजींनी गाडी सुरू केली. "उद्या नाही जमणार," ते म्हणाले. "दुकानात खताची गाडी येते. मी नाही येत उद्या."

भाऊजींनीसुद्धा या घरात आजवर कोणाला नाही म्हटलेलं नव्हतं.

"मंग परवा ये," आई म्हणाली.

"परवा येतो," भाऊजी म्हणाले, आणि गाडी मोताळ्याच्या दिशेला लागली.